दोषाला नेमके नाव

एखाद्या समाजाची न्यायबुद्धी किती सूक्ष्म झाली आहे हे जाणावयाचे असेल, तर त्या समाजाने दुष्कृत्यांना कोणकोणती नावे दिली आहेत आणि ती नावे तो किती काटेकोरपणे वापरतो, हे प्रथम पाहावे. इंग्रजी भाषेत अशा नावांचा मोठाच संग्रह आहे. कोशात ती एकमेकांचे पर्याय म्हणून शेजारी शेजारी बसलेली दिसत असली, तरी त्यांतील बहुतेकांनी आपापला प्रांत शतकानुशतकांच्या धर्मविचारातून आणि न्यायदानातून निश्चित करून घेतला आहे. आपली उच्च न्यायालये बव्हंशी अद्याप याच भाषेत निवाडे देत असल्यामुळे, हे भेद आपल्याकडील सामान्य नागरिकानेही जाणून घ्यावेत असे मला आग्रहाने वाटते.

या सर्व नावांच्या मुळाशी दोन प्रश्न आहेत. पहिला प्रश्न असा, की आगळीक कोणाविरुद्ध घडली? ‘सिन’ म्हणजे ईश्वराच्या आज्ञेचा भंग. तो मनातल्या मनातही घडू शकतो, आणि म्हणून मत्सर हे ख्रिस्ती धर्मशास्त्राने सात महापापांत गणलेले पाप असले, तरी त्याकरिता कोणास कोठडीत टाकता येत नाही. ‘व्हाइस’ म्हणजे स्वभावात मुरलेले वैगुण्य. ‘क्राइम’ हा समाजाविरुद्ध केलेला गुन्हा होय. मार एकाला बसला तरी खटला सरकारच्या नावाने चालतो. ‘टॉर्ट’ हा एका व्यक्तीने दुसरीवर केलेला अन्याय असून त्याचे परिमार्जन मुख्यतः नुकसानभरपाईने होते. रागाच्या भरात मारलेला एकच ठोसा पापही ठरेल, गुन्हाही ठरेल आणि भरपाईचा दावाही उत्पन्न करील. परंतु त्या तिहींचा जाब विचारणारी पीठे वेगवेगळी राहतील.

दुसरा प्रश्न कर्त्याच्या मनाचा. ‘मिस्टेक’मध्ये समजुतीचा घोटाळा असतो, ‘नेग्लिजन्स’मध्ये घ्यावयास हवी ती काळजी घेतलेली नसते, ‘रेकलेसनेस’मध्ये धोका दिसत असूनही तो बेदरकारपणे पत्करलेला असतो, आणि ‘मॅलिस’मध्ये दुसऱ्याच्या अहिताची इच्छाच वसत असते. 1860 च्या भारतीय दंडसंहितेने सदोष मनुष्यवध आणि खून यांत भेद केला, आणि 1870 मध्ये तीत हयगयीने घडलेल्या मृत्यूसाठी निराळे कलम घालण्यात आले, ते याच प्रश्नाची दखल घेऊन. अधिकाऱ्यांच्या वर्तनासाठी तर इंग्रजीने तीन पायऱ्या केल्या आहेत: कर्तव्य मुळीच न बजावणे हा ‘नॉनफीझन्स’, कायदेशीर काम गैररीतीने करणे हा ‘मिसफीझन्स’ आणि मुळातच बेकायदा असे काम करणे हा ‘मॅलफीझन्स’.

असल्या शब्दच्छलाने वकिलांचे तेवढे फावते, असा आक्षेप घेतला जाईल. त्याला इतिहासात समर्पक उत्तर आहे. अमेरिकेची राज्यघटना फिलाडेल्फिया येथे सिद्ध होत असता, 8 सप्टेंबर 1787 रोजी, राष्ट्राध्यक्षाला कोणत्या दोषांसाठी पदच्युत करता यावे हा विषय निघाला. मसुद्यात राजद्रोह आणि लाचलुचपत एवढेच होते. तेव्हा तेथील एक प्रतिनिधी जॉर्ज मेसन यांनी सालबाईच्या तहामुळे मराठी वाचकास परिचित असलेल्या वॉरन हेस्टिंग्जचे उदाहरण पुढे केले. हिंदुस्थानातील कारभाराबद्दल त्याच्यावर महाभियोगाचा खटला चालविण्याची तयारी त्या वेळी विलायतेत चालली होती आणि त्याच्यावरील आरोपांत राजद्रोह नव्हता. म्हणून ‘मॅलअॅडमिनिस्ट्रेशन’, म्हणजे गैरकारभार, हा शब्द घालावा असे मेसन यांनी सुचविले. इतक्या मोघम शब्दाने अध्यक्ष सर्वस्वी सेनेटच्या मर्जीवर राहील, अशी हरकत दुसरे प्रतिनिधी जेम्स मॅडिसन यांनी घेतली; मेसन यांनी तो शब्द मागे घेतला आणि त्याच्या जागी ‘हाय क्राइम्स अँड मिसडिमीनर्स’ ही ब्रिटिश पार्लमेंटची जुनी परिभाषा आली. राजद्रोह म्हटला तर मोठा दोष सुटून जातो आणि गैरकारभार म्हटला तर क्षुल्लक दोषही शिक्षेस पात्र होतो, हे ओळखून त्या मंडळींनी शब्दाची पारख केली; तिचे परिणाम अमेरिकेचे राजकारण आजतागायत अनुभवीत आहे.

याउलट, शब्दाची पातळी बुद्ध्या बदलली म्हणजे काय होते याचीही उदाहरणे आहेत. 1804 मध्ये नेपोलियनने आंग्याँच्या ड्यूकला घाईघाईच्या चौकशीनंतर गोळ्या घालून ठार मारविले, तेव्हा हा गुन्ह्याहूनही वाईट असा प्रमाद होय, असे उद्गार एका फ्रेंच मुत्सद्द्याने काढल्याचे सांगतात. या वचनाची चातुर्य म्हणून फार वाखाणणी होते. मला ते घातक वाटते. कारण एका मनुष्याचा अन्यायाने घेतलेला जीव त्यात डावपेचाच्या चुकीपेक्षा हलका ठरविला आहे. 1987 च्या जानेवारीत, इराणला शस्त्रे विकल्याचे प्रकरण गाजत असता, अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांनी काँग्रेसपुढील वार्षिक भाषणात गंभीर चुका झाल्याचे मान्य केले, परंतु वाक्य कर्मणी ठेवले. चुका झाल्या, त्या कोणी केल्या हे त्या वाक्यात नव्हते.

हे दूरचे दाखले सांगण्याचे कारण जवळचे आहे. मराठी भाषा या बाबतीत दरिद्री नाही. धनुर्धराचा बाण लक्ष्यावरून चुकला म्हणजे त्यास संस्कृतात ‘अपराद्ध’ म्हणत, त्याच धातूपासून आपला ‘अपराध’ आला. आणि राज्यकारभारातून कसूर, हयगय, कुचराई, अफरातफर, फितुरी असे एकाहून एक नेमके शब्द आपल्या हाती आले. असे असूनही सार्वजनिक व्यवहारात आपण दोन्ही दिशांनी तोल सोडतो. सार्वजनिक पैशाचा उघड अपहार झाला, की त्यास ‘अनियमितता’ हे सौम्य नाव मिळते. आणि गरीब मनुष्यास नुसती अटक झाली, की न्यायालयाने तोंड उघडण्यापूर्वीच तो ‘गुन्हेगार’ ठरतो. ‘क्राइम’ या शब्दाच्या मुळाशी असलेल्या लॅटिन शब्दाचा अर्थच मुळी आरोप असा होता. आरोप आणि सिद्ध दोष यांत अंतर आहे, याचे भान आपणही राखले पाहिजे.

ते भान सुटले म्हणजे केवढा अनर्थ ओढवतो, हे 1871 च्या क्रिमिनल ट्राइब्ज अॅक्टने दाखवून दिले. कृत्याला लावावयाचे विशेषण त्या कायद्याने जन्माला लावले आणि संपूर्ण जमाती गुन्हेगार म्हणून नोंदविण्याची सोय केली. 31 ऑगस्ट 1952 पासून त्या जमाती विमुक्त झाल्या. परंतु महाराष्ट्रातील पारध्यांना त्या जुन्या शब्दाची झळ त्यानंतरही दीर्घकाळ सोसावी लागली आहे. कायदा एका दिवसात रद्द करता येतो, लोकांच्या तोंडी बसलेला शब्द तसा रद्द होत नाही.

म्हणून वार्ताहर, अधिकारी, लोकप्रतिनिधी आणि आपण सर्व वाचक यांना माझी विनंती आहे, की कोणाच्याही दोषाला नाव देण्यापूर्वी हे दोन प्रश्न विचारावेत: हानी कोणाची झाली, आणि करणाऱ्याच्या मनात काय होते? उत्तर ठाऊक नसेल तर ‘आरोपी’ म्हणावे आणि थांबावे. उत्तर ठाऊक असेल, तर करणारा कितीही थोर असला तरी अपहारास अपहारच म्हणावे, आणि तो कोणी केला हे त्याच वाक्यात सांगावे.