भांडाराच्या दाराशी

सहकुटुंब भंडारदऱ्यास जाणे झाले. मंडळी १९२६ साली पूर्ण झालेले विल्सन धरण पाहावयास गेली. गुडघ्यांमुळे मी मुक्कामीच थांबलो. तेथे भांडी घासणाऱ्या एका आजींना मी बँकेत होतो असे कळताच त्यांनी पिशवीतून पासबुक काढले. “सायेब, यात किती हाय तेवढं सांगा.” मी शिल्लक वाचून दाखविली. त्यांनी ती पुन्हा विचारली. नातवाने सांगितलेल्या आकड्याशी ती जुळत नव्हती. काही न बोलता त्यांनी पासबुक गुंडाळले आणि त्या कामाला लागल्या.

त्या रात्री मला झोप लागली नाही. संपूर्ण सेवाकाळात मी असंख्य खातेदारांचे अंगठे साक्षीदारासमोर घेतले, त्यांच्या पैसे काढण्याच्या चिठ्ठ्या भरून दिल्या आणि यालाच ग्राहकसेवा मानले. शिल्लक कशी वाचावी, हे मात्र एकासही शिकविले नाही.

वास्तविक भगवान ऋषभदेवांनी ब्राह्मीस लिपी आणि सुंदरीस अंक शिकविले, ही कथा आपल्या घरोघरी सांगितली जाते. अक्षरांइतकाच अंकांचा मान! आपल्या पूर्वजांनी ग्रंथभांडारे प्राणपणाने जपली. कारंजा येथील भांडारांतील अपभ्रंश ग्रंथ डॉ. हीरालाल जैन यांनी संपादून अभ्यासकांसमोर आणले, हे आपले भाग्य. पण वाळवीपासून ग्रंथ जपता जपता आपण ते वाचकांपासूनही जपू लागलो की काय, अशी शंका येते.

याच अकोले तालुक्यात कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी वेगळे भांडार उभारले. शाळेची पायरी न चढलेल्या या माउलीने वाल, भात, भाजीपाल्याची गावठी वाणे जपली. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या बियाणे बँकेतून बी न्यावे आणि पीक आल्यावर दुप्पट परत करावे, असा रिवाज. असे व्याज आमच्या बँकेला कधी सुचले नाही! तेथे येणारा बियाण्यासोबत ते कसे पेरावे, कसे राखावे याची माहितीही घेऊन जातो. संग्रह आणि शाळा एकाच छपराखाली.

ठाणे जिल्ह्यात फांगणे येथे २०१६ पासून आजीबाईंची शाळा भरते. शासनाचा ‘उल्लास’ हा साक्षरता कार्यक्रमही पंधरा वर्षांवरील निरक्षरांसाठी आहे. प्रौढास ‘कमळ’ गिरविण्यात गोडी नसते. त्यास स्वतःचे पासबुक, सातबाराचा उतारा, एस.टी.ची पाटी, औषधाच्या वेष्टनावरील तारीख वाचावयाची असते. ही पाठ्यपुस्तके त्याच्या घरीच असतात. हवी असते ती जागा आणि शेजारी बसणारा माणूस.

आमच्या पाठशाळेच्या ग्रंथालयात दुपारी कपाटांखेरीज कोणी नसते. येत्या ज्ञानपंचमीस ग्रंथांवरील धूळ झटकून पूजा झाली की त्याच दिवसापासून दोन तास तेथे असे वर्ग सुरू करावेत, असा अर्ज मी दिला आहे. शिकविण्यास मी बसेन. आणखी दोन निवृत्त स्नेही तयार आहेत. एका विश्वस्तांनी विचारले, “यात समाजाबाहेरचेही येणार का?” मी म्हटले, “आपल्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बाया तर सर्वप्रथम.”

अर्ज अद्याप विचाराधीन आहे.