सोडलेला चेंडू मोजा
एकोणीस-वीस वर्षांचा फलंदाज मेजर लीग बेसबॉलमध्ये उतरला, की महिन्याभरात त्याचे भविष्य वर्तवले जाते. सरासरी घसरली तर ‘दम नाही’, आणि मायनर लीगमधून होम रनची रास घेऊन आला तर ‘उद्याचा तारा’. दोन्ही निकाल उतावळे आहेत. माइक ट्राउट २०११ मध्ये एकोणिसाव्या वर्षी एंजल्सकडून खेळू लागला. त्या हंगामातल्या ४० सामन्यांत त्याची सरासरी होती ०.२२०. पुढच्याच वर्षी ०.३२६ आणि ३० होम रन! उलट त्याच संघाच्या ब्रँडन वुडने २००५ मध्ये, फलंदाजांना धार्जिण्या कॅलिफोर्निया लीगमध्ये, ४३ होम रन ठोकले होते. पण त्याच हंगामात तो शंभरावर वेळा स्ट्राइकआउटही झाला, म्हणजे तीन स्ट्राइक होऊन बाद. धोक्याची खूण तिथेच होती. मेजर लीगमधली त्याची सरासरी अखेर ०.१८६ राहिली.

मग पाहायचे काय? पोरगा कोणता चेंडू सोडतो, आणि कोणत्या वयात, कोणत्या दर्जाच्या पिचरसमोर सोडतो, हे. ताशी ९५ मैलांचा चेंडू फलंदाजापर्यंत यायला सुमारे ०.४ सेकंद लागतात. स्लायडर नावाचा चेंडू आधी सरळ स्ट्राइकच वाटतो आणि शेवटी प्लेटबाहेर निसटतो. त्या क्षणी बॅट आवरणे हे दंडाचे काम नव्हे, नजरेचे आहे. अंग वयाबरोबर भरते, ताकद मागाहून येते. नजर मात्र उशिरा कमावणारे थोडे. हुआन सोटोने २०१८ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, बाहेरचे चेंडू सोडून ७९ वॉक मिळवले, म्हणजे तितक्या वेळा बॅट न लावता पहिला बेस गाठला. त्याच्या वयाचे बहुतेक खेळाडू तेव्हा मायनर लीगमध्येच धडपडत होते. त्याच्या २२ होम रनपेक्षा मला हा आकडा मोठा वाटतो.

यावर आरन जजचे नाव पुढे केले जाते. २०१६ मध्ये, चोविसाव्या वर्षी, तो ८४ अ‍ॅट-बॅटमध्ये ४२ वेळा स्ट्राइकआउट झाला, तरी मोठा झालाच ना? झाला, पण ८४ अ‍ॅट-बॅटवरून कुणाचीच पारख होत नाही, हेच तर म्हणणे आहे. पुढच्या वर्षी २०८ स्ट्राइकआउटसोबत त्याने १२७ वॉकही घेतले. व्लादिमीर गरेरो (थोरले) यांचा दाखला अधिक अवघड आहे. ते जवळजवळ कशावरही बॅट फिरवत, तरी २०१८ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेले. पण त्यांचे एकाही हंगामात १०० स्ट्राइकआउट झाले नाहीत, कारण वाईट चेंडूही त्यांच्या बॅटवर बसे. असा हात पिढीत एखाद्याला लाभतो. त्याच्या भरवशावर बाकीच्यांचे मोजमाप ठरवता येत नाही. संघांनी विशीतल्या पोराला निदान एक सबंध हंगाम द्यावा, आणि त्या हंगामात त्याच्या सरासरीआधी त्याने सोडलेले चेंडू मोजावेत.