गावची होळी कुणाच्या आगीवर पेटत होती?





फाल्गुन जवळ आला की आपल्या मंडळांच्या ई-मेल्समध्ये एक वाक्य हमखास येतं: "सण हा सण म्हणून साजरा करू या, त्यात राजकारण नको." मागे एकदा आम्ही चौघांनी एका मंडळाला विनंती केली होती, की होळीच्या कार्यक्रमात महाडबद्दल पाच मिनिटं बोलू द्या. उत्तर अगदी सौजन्यपूर्ण आलं, आणि त्यात हेच वाक्य होतं. मंडळाचं नाव सांगत नाही, कारण दुसऱ्या कुठल्याही मंडळाकडून हेच उत्तर आलं असतं. मला भांडायचंय ते या वाक्याशी.

आधी अमेरिकेतल्या सगळ्यात प्रसिद्ध होळीबद्दल. ती न्यू जर्सीत होत नाही, बे एरियातही नाही. ती होते यूटाह राज्यातल्या स्पॅनिश फोर्क नावाच्या गावात. तिथे २००१ साली उघडलेलं श्री श्री राधाकृष्ण मंदिर आहे. गोवर्धनजवळच्या कुसुम सरोवराच्या धर्तीवर बांधलेलं, घुमट आणि कमानी असलेलं. आजूबाजूला मॉर्मन वस्ती, पलीकडे बर्फ ल्यालेले डोंगर. मार्चच्या अखेरीस शनिवार-रविवार गाठून तिथे 'फेस्टिव्हल ऑफ कलर्स' भरतो. हजारोंच्या संख्येनं तरुण मुलंमुली येतात, त्यातली बहुसंख्य जवळच्या प्रोव्होच्या विद्यापीठातली, मॉर्मन घरांतली. दारू नाही, धक्काबुक्की नाही. व्यासपीठावरून आकडे उलटे मोजले जातात आणि शून्य आलं की सगळं आकाश गुलाबी-पिवळं होतं.

मी तिथे गेलो, आणि सांगायला हरकत नाही, मला मजा आली. एका मॉर्मन मुलानं माझ्या टकलावर मनापासून रंग चोळला. अनोळखी माणसांनी एकमेकांना निःसंकोच मिठ्या मारणं ही काही लहान गोष्ट नाही. पण परतताना मी तीन-चार जणांना विचारलं, "या सणात आग कुठे असते, ठाऊक आहे?" कुणालाच माहीत नव्हतं. त्यांनी का माहीत करून घ्यावं? प्रश्न त्यांना नाहीच. तो आपल्याला आहे.

कारण आपली, म्हणजे मराठी मुलखातली, होळी हा मुळात रंगाचा सण नव्हताच. फाल्गुन पौर्णिमेला आग, पुरणपोळी आणि बोंब. दुसऱ्या दिवशी धुळवड. रंग त्यानंतर, वद्य पंचमीला, म्हणजे रंगपंचमीला. कोकणातला शिमगा म्हणजे होम, पालख्या आणि खेळे. सातपुड्यात, अक्कलकुवा तालुक्यातल्या काठी गावची राजवाडी होळी रात्रभर ढोल आणि नाच होऊन पहाटे पेटते; त्यासाठी बुध्या आणि बावा बनणारे भिल्ल पुरुष आधी कित्येक दिवस पाळणी पाळतात. आपण इथे आणली ती हिंदी सिनेमातली होळी: पांढरे कुडते, रंग, 'डीजे' आणि पार्किंग लॉट. आग मागे राहिली. फायर मार्शलची परवानगी मिळत नाही, विम्याचा खर्च, हॉलचे नियम, ही कारणं खरी आहेत. पण ती सोयीचीही आहेत. आग नसली की आगीबद्दलचे प्रश्नही विचारावे लागत नाहीत.

पहिला प्रश्न: जाळतो कुणाला? मुलांना आपण एका ओळीत सांगतो, 'गुड ओव्हर ईव्हिल'. ज्या बाईला आपण दरवर्षी जाळतो, ती 'ईव्हिल' असल्याचं कुणी ठरवलं? जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी'त हीच नृसिंह-प्रल्हादाची कथा उलटी वाचली: हिरण्यकश्यपू हा इथला राजा, आणि त्याला कपटानं मारलं गेलं. ते वाचन इतिहास म्हणून कुणाला पटो न पटो. पण ज्या पुस्तकात ते आहे, ते फुल्यांनी अर्पण केलंय अमेरिकेतल्या लोकांना. काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटल्याबद्दल. आपण ज्या देशाची नागरिकत्वाची शपथ घेतली, त्या देशाच्या नावे अर्पण केलेलं हे मराठी पुस्तक आपल्यापैकी किती घरांत आहे? मेळघाटातले कोरकू तर होळीच्या सुमारास मेघनाथाची, रावणाच्या मुलाची, पूजा करतात. म्हणजे कुणाला जाळायचं आणि कुणाला पुजायचं यावर आपल्याच राज्यात एकमत नाही. मतभेद सणाच्या पोटातच आहे. तो आम्ही चौघांनी बाहेरून आणलेला नाही.

दुसरा प्रश्न जास्त अवघड आहे: आग येते कुठून? रसेल आणि हिरालाल यांचा मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरचा ग्रंथ १९१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात महारांवरच्या प्रकरणात एक नोंद आहे: होळीला महारांची होळी आधी पेटे, आणि कुणब्यांची होळी तिच्या विस्तवावर पेटवली जाई. ही वाचून विसरण्यासारखी नोंद नाही. ज्या माणसाची सावली चालत नाही, त्याच्या हातचा विस्तव चालतो, किंबहुना त्याच्याशिवाय सण सुरूच होत नाही. पण त्याच माणसानं गावच्या तळ्यावर ओंजळ भरली की पाणी बाटतं! आग चालत होती, पाणी चालत नव्हतं. अग्नी सगळं शुद्ध करतो म्हणून, असं कुणी म्हणेल. मग पाणी काय करतं? सोप्या भाषेत सांगायचं तर, जिथे गावाला त्याची गरज होती तिथे तो चालत होता, आणि जिथे त्याला गावाची गरज होती तिथे तो चालत नव्हता.

आता १९२७ सालाकडे पाहा. २० मार्चला महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकरांनी आणि हजारो माणसांनी पाणी प्यायलं. त्याच वर्षी २५ डिसेंबरला, त्याच महाडात, मनुस्मृती जाळली गेली. परिषदेसाठी गावात जागा मिळेना, ती दिली फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी. मनुस्मृती जाळण्याचा ठराव मांडला गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे यांनी, जे जन्मानं ब्राह्मण होते. एका वर्षात पाणी आणि आग, दोन्ही. ज्यांना विस्तव पुरवायला सांगितलं होतं, त्यांनी विस्तव स्वतःच्या कामासाठी वापरला. हे आपल्या अग्निपरंपरेच्या बाहेरचं कसं? बाबासाहेबांनी स्वतः या दहनाची तुलना विदेशी कापडाच्या होळीशी केली होती. १९०५ साली पुण्यात विदेशी कापडाची होळी झाली तेव्हा तिला 'होळी' म्हणताना कुणाची जीभ अडखळली नाही. कापड जाळलं की देशभक्ती आणि पोथी जाळली की राजकारण, हा न्याय कुठला?

ही खोड फक्त आपलीच आहे असं नाही. आमच्या सिअॅटलच्या बर्क म्युझियममध्ये २००० साली चीनमधल्या नुओसू लोकांवर 'माउंटन पॅटर्न्स' नावाचं प्रदर्शन भरलं होतं. हे नुओसू म्हणजे यी समाजाची लियांगशान डोंगरांतली मोठी शाखा. त्यांचा मशालींचा सण प्रसिद्ध आहे: चांद्र वर्षाच्या सहाव्या महिन्यात चोवीस तारखेला मशाली घेऊन शेतांच्या बांधांवरून फिरायचं, पिकावरची कीड जाळायची. आज तो मोठा पर्यटन-सोहळा झालाय. पण याच समाजात १९५६ च्या सुधारणांपर्यंत वरचे नुओहो, खालचे छुहो आणि त्यांच्याखाली गुलाम अशी उतरंड होती. ती जन्मानं ठरे, आणि लग्न ठरवताना तो दर्जा पुढेही पाहिला जात राहिला असं अभ्यासक नोंदवतात. पर्यटकाला मशाल दिसते, मशालीखालची उतरंड दिसत नाही. ते तर पाहुणे. आपण घरचे असून आपल्याला दिसत नाही.

आता नेहमीचे आक्षेप.

पहिला, "जात आम्ही भारतात सोडून आलो." खरंच? मग आपल्या वधूवर-मेळाव्यांच्या फॉर्मवरचा तो रकाना कुठल्या विमानानं आला? जात सोडून येणं ही सोय ज्यांना तिचा त्रास झाला नाही त्यांनाच असते. ज्याला पॉटलकमध्ये सहज म्हणून आडनाव आणि मग "मूळ गाव कुठलं?" विचारलं जातं, त्याला ती विमानतळावरच भेटलेली असते.

दुसरा, "अशा बोलण्यानं इथे हिंदूंची बदनामी होते, मुलांना शाळेत त्रास होतो." हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. अल्पसंख्य म्हणून वाढणाऱ्या मुलांची काळजी आपल्या सगळ्यांनाच आहे. पण २१ फेब्रुवारी २०२३ ला सिअॅटलनं जातीवर आधारित भेदभावाला बंदी घातली, असं करणारं ते अमेरिकेतलं पहिलं शहर. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये फ्रेस्नोनंही तेच केलं. या तरतुदी सगळ्या धर्मांच्या आणि देशांच्या लोकांना सारख्या लागू आहेत. कॅलिफोर्नियातलं एसबी ४०३ विधेयक दोन्ही सभागृहांत मंजूर झालं, आणि ७ ऑक्टोबर २०२३ ला गव्हर्नर न्यूसम यांनी ते नाकारलं. त्यांचं कारण असं, की सध्याच्या कायद्यांत हे आधीच येतं. म्हणजे नाकारणाऱ्यानंही 'जात इथे नाही' असं म्हटलं नाही. बदनामी भेदभावामुळे होते, त्याला नाव दिल्यानं होत नाही. आणि आपली मुलं इथल्या शाळेत गुलामगिरीचा आणि रोझा पार्क्सचा धडा शिकतात, तेव्हा आपल्याला अभिमान वाटतो. तीच मुलं घरी येऊन "आपल्याकडे काय होतं?" असं विचारतील, तेव्हा आपण रंगाची पिचकारी पुढे करणार का?

तिसरा, "दमून-भागून आलेल्या लोकांना एक दिवस तरी मजा करू द्या." करा ना! शिमग्याइतकी मजा आणि शिमग्याइतकी सडेतोड टीका एकाच सणात बसवणारे आपणच. बोंब हा काय प्रकार होता? वर्षभर ज्यांच्यापुढे मान खाली घालायची, त्यांच्या नावानं एक दिवस तोंडावर हात मारून ओरडायची ती मुभा होती. राजकारण नको म्हणणाऱ्यांनी शिमगा पाहिलेलाच नसावा.

तेव्हा माझं म्हणणं थोडक्यात असं:

१. होळीला आग आणा. लहान का होईना. कित्येक पार्क्समध्ये फायर पिट्स असतात, परवानगीचा अर्ज भरायला एक माणूस पुरे.

२. मुलांना होलिकेची गोष्ट सांगताना फुल्यांनी ती कशी वाचली तेही सांगा, आणि गावची होळी कुणाच्या विस्तवावर पेटे तेही. दोन्ही मिळून दहा मिनिटांच्या वर लागणार नाहीत.

३. तिसरी गोष्ट कॅलेंडरची. चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला २० मार्च २०२७ या दिवशी शंभर वर्षं होतात. तो शनिवार आहे, आणि होळी पौर्णिमा त्याच्या लगेच मागोमाग, दोनच दिवसांत येते. मंडळांचे कार्यक्रम शनिवारीच असतात, आणि हॉलचं बुकिंग बरंच आधी करावं लागतं. पाणी आणि आग इतक्या जवळ पुन्हा कधी येतील? त्या दिवशी मंडळाच्या व्यासपीठावर आधी महाड, मग रंग, एवढा क्रम ठरवा. रंग कुणाला नको आहे?

ज्यांना हे पटत नाही त्यांनी जरूर लिहावं, अगदी कडक भाषेत. फक्त "सणात राजकारण नको" एवढंच लिहून थांबू नका. गावची होळी कुणाच्या आगीवर पेटत होती, आणि त्या माणसाला पाणी का नाकारलं, याचं उत्तर त्यात असू द्या.

कळावे, लोभ असावा.