म्हाताऱ्या ट्रकवरचा खर्च



आयुष्यभर शाळेत मराठी आणि इतिहास शिकवलेल्या बाईने गिअरबॉक्सच्या तेलावर लिहायचं म्हणजे जरा अतीच झालं. पण परवा टेक्सासहून पुतण्याचा फोन आला. "काकू, माझा पिकअप वीस वर्षांचा झालाय. मागे बोट ओढायची म्हणून ट्रान्समिशनला बाहेरून कूलर बसवायचा विचार आहे. सगळे म्हणतात, एवढ्या जुन्या गाडीवर कशाला खर्च? तुमच्याकडे बसवलाय ना?" त्याला फोनवर अर्धा तास सांगितलं, तरी सगळं सांगून झालं नाही. म्हणून हा लेख.

(तिकडे ट्रक म्हणजे आपला मालट्रक नव्हे. मागे उघडा हौदा असलेल्या पिकअपलाच ट्रक म्हणतात.)

सप्टेंबर २०१९ मध्ये मी डेन्व्हरला धाकट्याकडे होते. त्या दिवसांत कोलोरॅडोच्या डोंगरांत आस्पेनची झाडं पिवळीधमक होतात. मला ती बघायचीच होती. हट्ट माझा, हे आधीच कबूल करते. चिरंजीवांचा २००१ चा पिकअप, मागे छोटा कॅम्पर, आत आम्ही चौघं. डेन्व्हर पाच हजार फुटांवर आणि आयझेनहॉवर बोगदा अकरा हजारांवर. त्या चढावर इंजिन गरगर आवाज करू लागलं, पण गाडी काही पुढे सरकेना. मग जळका वास. रस्त्याकडेला थांबलो. नातीला कुडकुडताना पाहून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि गंमत म्हणजे समोरचा उष्णतेचा काटा शहाण्या मुलासारखा मधोमध उभा!

का, ते नंतर कळलं. तो काटा इंजिनच्या पाण्याचा. गिअरबॉक्सच्या तेलाला त्या गाडीत काटाच नव्हता. आपल्या हातगिअरच्या गाडीत क्लचप्लेट असते, या ऑटोमॅटिक गाड्यांत इंजिनचा जोर तेलातूनच पुढे जातो. ओझं ओढताना, चढावर, ते तेल घुसळून घुसळून तापतं. कंपनीने ते निववायची सोय केलेली असते, नाही असं नाही, पण ती बहुतेक रेडिएटरच्या टाकीतच. आता बायकांनो, तुम्हीच सांगा, दुधाचं पातेलं कढत पाण्याच्या परातीत ठेवलं तर दूध निवेल का? परातीतल्या पाण्याहून गार होणं शक्यच नाही. त्यात उंचावरची हवा विरळ, तीही उष्णता कमीच वाहून नेते.

बाहेरचा कूलर म्हणजे छोटा रेडिएटरच. तो पुढे, वाऱ्याच्या तोंडी बसतो. किंमत शंभर डॉलरच्या आतबाहेर. आमचं ट्रान्समिशन उघडून पुन्हा बांधायला काही हजार डॉलर गेले. तरीही त्यानंतर घरात वाद झालाच. सूनबाईचं म्हणणं, आता आणखी एक पैसा नको, गाडी विकून टाका. गॅरेजवाला म्हणाला, गरज असती तर कंपनीनेच दिला असता. मला हे मुळीच पटलं नाही. कंपनी गाडी बनवते ती सर्वसाधारण माणसासाठी. कॅम्पर जोडून डोंगर चढणारा माणूस सर्वसाधारण नसतो. शिवाय अठरा वर्षांच्या रेडिएटरची टाकी आतून गंजून फुटली तर पाणी तेलात शिरतं, आणि मग सगळंच संपतं. जी वस्तू वापरायची ती नीट वापरायची, नाहीतर खरंच विकून टाकायची. वापरायचीही आणि एक पैसा खर्चायचा नाही, हे मला आमच्या शाळेच्या छपरासारखं वाटतं. दरवर्षी बादल्या ठेवायच्या!

मात्र पुतण्या, बसवायचाच तर डोळसपणे बसव. गिअरबॉक्स आधी जळला असेल तर नळ्या आणि जुना कूलर धुऊन घे, किंवा बदल. त्यात अडकलेला धातूचा कीस नव्या कामात परत येतो. नळी ट्रान्समिशनच्या तेलाचीच हवी. किटसोबत प्लॅस्टिकच्या पट्ट्या येतात, त्या जाळीतून आरपार ओवायच्या. आमच्या चिरंजीवांनी तेच सुरू केलं होतं. शिवणकाम केलेल्या बाईच्या नजरेतून ते सुटलं नाही. गाडी हादरणार, पट्टी घासणार, जाळी फाटणार. शेवटी त्याने लोखंडी पट्ट्यांची चौकट केली.

डेन्व्हरच्या थंडीत तेल घट्ट होतं, आणि तेव्हा रेडिएटरच त्याला ऊब देतो. म्हणून आमच्याकडे तेल आधी रेडिएटरमधून, मग बाहेरच्या कूलरमधून परत जातं. मधे एक झडपही आहे, तेल गार असेल तर ती कूलरची वाट टाळते. तुझ्याकडे टेक्सासात थंडी बेताची, तिथे रेडिएटर वगळणारेही असतात. पण रेडिएटर चांगला असेल तर वगळू नये, असं माझं मत. आणि तेलाचा काटा अवश्य लाव. त्याशिवाय सगळा अंदाजपंचे कारभार.

सप्टेंबर २०२२ मध्ये आम्ही पुन्हा तोच चढ चढलो. मी झाडं सोडून त्या नव्या काट्याकडेच बघत बसले होते. तो थोडा वर गेला आणि तिथेच थांबला. बोगदा आला. सूनबाई काही बोलली नाही, तिने फक्त थर्मासमधला चहा पुढे केला.