मृत समुद्राची बदनामी

व्हॅल्यू एज्युकेशनच्या तासाला, रिट्रीटमध्ये किंवा प्रवचनात हे उदाहरण तुम्ही ऐकलंच असेल. यार्देन नदी एकच. ती गालील समुद्रात येते आणि पुढे वाहते, म्हणून तिथे मासे आहेत, जीवन आहे. तीच नदी मृत समुद्रात येऊन थांबते. तो फक्त घेतो, देत नाही, म्हणून मेला. तात्पर्य : द्यायला शिका.

तात्पर्याबद्दल माझी तक्रार नाही. पण उदाहरण चुकीचं आहे, आणि आज तर ते अन्यायाचं आहे असं मला वाटतं.

आधी भूगोल बघू. मृत समुद्राचा काठ हे पृथ्वीवरचं सर्वांत सखल कोरडं ठिकाण, समुद्रसपाटीपासून ४३० मीटरपेक्षाही खाली. तिथून पाण्याला पुढे उतारच नाही, मग ते जाणार कुठे? उन्हाने त्याची वाफ होते आणि क्षार मागे राहतात. हजारो वर्षं हे चाललंय, म्हणून ते पाणी महासागराच्या जवळपास दहापट खारट आहे. याला कंजूषपणा कसं म्हणायचं?

आणि तो देत नाही हेही खरं नाही. त्यातून निघणारं डांबर नबातियन लोक प्राचीन इजिप्तला विकत. त्याच्या काठच्या कोरड्या हवेमुळे कुमरानच्या गुहांतल्या गुंडाळ्या दोन हजार वर्षं टिकल्या आणि १९४७ पासून जगाला मिळत गेल्या. आज त्याच्या पाण्यातून पोटॅश काढतात. भारतसुद्धा इस्रायल आणि जॉर्डनकडून पोटॅश विकत घेतो, म्हणजे आपल्याकडच्या खताच्या पोत्यातही या समुद्राचा अंश असू शकतो. राहिला 'मृत' हा शब्द. मासे नाहीत, पण त्यात सूक्ष्मजीव जगतात हे १९३०च्या दशकातच सिद्ध झालंय.

तो आता खरंच मरतोय, पण पाणी न मिळाल्यामुळे. गालीलच्या दक्षिण टोकाला बांध आहे. १९६४ पासून इस्रायलने गालीलचं पाणी मोठ्या कालव्या-नळांतून दुसरीकडे वळवलं. यार्मुक या उपनदीचं पाणी सीरिया आणि जॉर्डन अडवतात. यार्देनच्या मूळ प्रवाहाचा जेमतेम दहावा हिस्सा खाली पोचतो. त्यात पोटॅशचे कारखाने समुद्राचंच पाणी उपसून वाळवतात. पातळी दरवर्षी सुमारे एक मीटर उतरते. काठाखालचे मिठाचे थर गोड्या भूजलात विरघळून जमिनीला हजारो खड्डे पडलेत. रस्ते आणि खजुराच्या बागासुद्धा त्यात खचल्या.

शेतीला आणि पिण्याला पाणी लागतंच, त्या कोरड्या प्रदेशात तर जास्तच. पण ज्याचं पाणी आपण वरच्या वर काढून घेतलं, त्यालाच 'हा फक्त घेतो' म्हणायचं, हे जरा अतीच झालं. माणसांच्या बाबतीतही आपण हेच करतो ना? ज्याच्यापर्यंत काही पोचूच दिलं नाही, त्यालाच स्वार्थी, आळशी, नापीक ठरवतो.

यहेज्केल संदेष्ट्याच्या ४७व्या अध्यायात मंदिरातून निघालेली नदी याच समुद्राला मिळते, पाणी गोडं होतं आणि एन-गेदीच्या काठी कोळी उभे राहतात. संदेष्टा समुद्राला दोष देत बसत नाही. त्याच्याकडे पाणी येताना बघतो. पुढच्या वेळी कुणी ते जुनं उदाहरण दिलं, तर हात वर करून एवढंच विचारा : वर पाणी कुणी अडवलंय?