मद्यधुंद हाती शस्त्र कशासाठी?

अंतरवाली सराटी हे जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातील गाव सप्टेंबर २०२३ मधील आरक्षण आंदोलनामुळे साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक झाले. आज विचार करावयाचा आहे तो त्या आंदोलनाचा नव्हे, तर या गावासह देशातील प्रत्येक गावाला लागू असलेल्या एका कायद्यातील भगदाडाचा. समजा, या गावातील एखाद्या गृहस्थाने पिस्तुलाच्या परवान्यासाठी अर्ज केला. शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार गोंदी पोलीस ठाण्याचा अहवाल मागविला जाईल आणि जालन्याचे जिल्हाधिकारी निर्णय देतील. आता असेही समजा की, हाच गृहस्थ वर्षभरापूर्वी धुळे-सोलापूर महामार्गावर मद्यधुंद अवस्थेत मोटार हाकताना पकडला गेला होता, त्याने न्यायालयात गुन्हा कबूल केला आणि दंड भरून तो मोकळा झाला. या दोषसिद्धीमुळे त्याचा अर्ज आपोआप बाद होतो काय? दुर्दैवाने नाही!

शस्त्र अधिनियमाच्या कलम ९ नुसार हिंसा किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात कारावासाची शिक्षा झालेल्या व्यक्तीस, शिक्षा संपल्यानंतर पाच वर्षे शस्त्र बाळगता येत नाही. मद्यपान करून वाहन चालविण्याचा गुन्हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली येतो. शंभर मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळला की हा गुन्हा घडतो. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दहा हजार रुपये दंड, अथवा दोन्ही. पुन्हा घडल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा पंधरा हजार रुपये दंड, अथवा दोन्ही. ज्याचे प्रकरण दंडावर मिटले, तो कलम ९ च्या कक्षेबाहेर राहतो. कायद्याच्या लेखी त्याचा हात स्वच्छ!

गंमत अशी की, नशा आणि शस्त्र यांचे वैर कायद्याला ठाऊक नाही असे नव्हे. शस्त्र नियम, २०१६ नुसार अर्जदाराला वैद्यकीय प्रमाणपत्र जोडावे लागते आणि आपण मादक पदार्थांच्या आहारी गेलेलो नाही, हे त्यातून सिद्ध करावे लागते. म्हणजे डॉक्टरांचा कागद ग्राह्य, पण न्यायालयाचा निकाल निर्णायक नाही! ज्या राज्यात १९ मे २०२४ च्या पुण्यातील कल्याणीनगर अपघातानंतर रक्ताचा नमुनाच बदलल्याच्या आरोपावरून शासकीय रुग्णालयातील डॉक्टरांना अटक झाली, त्या राज्यात केवळ एका प्रमाणपत्रावर किती विसंबायचे, हे वाचकांनीच ठरवावे.

'एखादे वेळी दोन घोट जास्त झाले, म्हणून माणूस गुन्हेगार ठरतो काय?' असा प्रश्न आपल्या तथाकथित प्रतिष्ठित वर्तुळात हमखास विचारला जातो. त्याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने दिलेले आहे. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे मुंबईतील कार्टर रोडवर पदपथावर झोपलेल्या मजुरांच्या अंगावर मोटार गेली आणि सात जीव गेले. जानेवारी २०१२ मध्ये चालकाची तीन वर्षांची शिक्षा कायम करताना न्यायालयाने हा निव्वळ निष्काळजीपणा मानला नाही; अशा कृत्याने कोणाचा तरी प्राण जाऊ शकतो याची जाणीव चालकाला होती, असे धरले. दारू पिऊन चाकामागे बसणारा हा इतरांच्या जिवाची जोखीम समजून-उमजून पत्करतो. त्याच माणसाच्या कमरेला आपण पिस्तूल लावणार आहोत काय?

येथे आणखी एक बाब ध्यानात घेतली पाहिजे. नियमानुसार सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल झाकूनच न्यावे लागते. हा नियम योग्यच आहे. शस्त्र मिरविण्याची वस्तू नव्हे. परंतु याचाच अर्थ असा की, लग्नाच्या मांडवात किंवा ढाब्यावरच्या बाकावर शेजारी बसलेल्या सामान्य माणसाला त्या शस्त्राचा पत्ताही नसतो. त्याची सुरक्षितता सर्वस्वी परवान्यापूर्वीच्या छाननीवर अवलंबून असते. ती छाननीच आंधळी असेल, तर मग उरले काय?

काही मंडळी म्हणतील, आपण तर विजयादशमीला शस्त्रपूजन करणारे. शस्त्रावर बंधने कशाला? शस्त्रपूजनाचा अर्थच त्यांना कळलेला नाही. पूजन होते ते संयमाने पेललेल्या शक्तीचे. महाभारतातील मौसलपर्व आठवावे. द्वारकेत मद्यनिर्मितीवर बंदीची दवंडी पिटली गेली होती. तरीही प्रभास क्षेत्री यादव मद्याने बेभान झाले आणि एकमेकांचा संहार करून नष्ट झाले. कोणा परकीय आक्रमकाने त्यांना संपविले नाही. छत्रपती शिवरायांनी चिपळूणजवळच्या लष्करी तळावरील अंमलदारांना लिहिलेले पत्रही असेच बोलके आहे. रयतेला उपद्रव देऊ नका, हे तर त्यात आहेच. पण रात्री दिवा तसाच ठेवला तर गवताच्या गंजीला आग लागेल, इतक्या बारकाव्याने सैनिकांच्या बेफिकिरीचा विचार महाराजांनी केला आहे. आग लागण्यापूर्वी दिवा विझविणे, हेच राज्यकर्त्याचे कर्तव्य!

ज्या अमेरिकेत शस्त्र बाळगणे हा घटनादत्त हक्क मानला जातो, तेथील फ्लोरिडा राज्यातही तीन वर्षांत दोनदा मद्यपी वाहनचालक म्हणून दोषी ठरलेल्या व्यक्तीला झाकून शस्त्र नेण्याचा परवाना मिळत नाही. आपल्याकडे शस्त्र परवाना हा हक्क नसून शासनाने दाखविलेला विश्वास आहे. मग आपले निकष त्यांच्याहून सैल का असावेत?

गोदावरीपलीकडच्या बीड जिल्ह्याचे उदाहरण ताजे आहे. मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची ९ डिसेंबर २०२४ रोजी निर्घृण हत्या झाल्यानंतर त्या जिल्ह्यात हजाराहून अधिक शस्त्र परवाने असल्याची चर्चा राज्यभर झाली आणि मग प्रशासनाने परवाने रद्द करण्यास आरंभ केला. हेच काम आधी का झाले नाही?

उपाय अवघड नाही. कलम १८५ खाली दोषी ठरलेल्या व्यक्तीला, शिक्षा दंडाची असली तरी, पाच वर्षे शस्त्र परवाना मिळणार नाही, अशी दुरुस्ती संसदेने करावी. ही जन्मठेप नव्हे; पाच वर्षे संयमाने वागणाऱ्याला दार पुन्हा उघडेल. दुरुस्ती होईपर्यंतही हात बांधलेले नाहीत. कलम १४ नुसार कोणत्याही कारणाने अपात्र वाटणाऱ्या अर्जदाराला जिल्हाधिकारी नकार देऊ शकतात आणि कलम १७ नुसार दिलेला परवाना रद्द करू शकतात. पोलिसांच्या अहवालात या दोषसिद्धीची नोंद सक्तीची करावी, एवढे परिपत्रक गृह विभागाने काढले तरी पुष्कळ. परवान्याचे नूतनीकरण दर पाच वर्षांनी होतेच. त्या वेळी जुन्या परवानाधारकांचीही झडती घ्यावी.

कार्यकर्त्यांनी हा विषय ग्रामसभेत मांडावा, ठराव करून जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवावा. ज्या माता-भगिनींनी मतदान करून गावोगावची दारूदुकाने बंद पाडली, त्या या ठरावाच्या मागे सर्वांत आधी उभ्या राहतील. ज्याला स्वतःच्या हातातील प्याला आवरत नाही, त्याच्या हाती समाजाने शस्त्र देऊ नये.