परसबाग : स्ट्रॉबेरी लावा, पण बी पेरून नव्हे

बागेचा विषय निघाला, की बायकांच्या बोलण्यात एक तक्रार हमखास येते. महाबळेश्वरहून आणलेल्या स्ट्रॉबेरीतली टपोरी फळं निवडून, त्यांच्या बिया हौसेनं कुंडीत पेरलेल्या असतात. पाणी घालून, ऊन दाखवून वर्षभर जपलेल्या असतात. आणि शेवटी फळ येतं ते वाटाण्याएवढं, आंबटढाण! मग घरात कुणीतरी म्हणतंच, "तुझ्या हाताला गुण नाही." दोन-तीनदा ऐकलं की तिलाही ते खरं वाटू लागतं.

मैत्रिणींनो, हाताचा यात काडीमात्र दोष नाही. हापूसची कोय पुरली तर हापूस येतो का? येतो तो रायवळ. म्हणून तर आपण कलम आणतो. स्ट्रॉबेरीचंही नेमकं तसंच आहे.

आपण खातो ती मोठी, लालबुंद स्ट्रॉबेरी मुळात संकरातूनच जन्मली. १७१४ साली फ्रेझिए नावाच्या फ्रेंच अधिकाऱ्यानं दक्षिण अमेरिकेतल्या चिलीहून मोठ्या फळांच्या जातीची काही रोपं फ्रान्सला आणली. ती निघाली सगळी मादी. फुलं यायची, फळ मात्र धरेना. पुढे त्यांच्या शेजारी उत्तर अमेरिकेतली लहान फळांची, पण सुवासिक जात आली. तिचे परागकण मिळाले आणि फळं धरू लागली. त्या फळांच्या बियांतून ही आजची स्ट्रॉबेरी जन्माला आली. तो संकर आहे, हे १७६६ साली द्युशेन नावाच्या तरुण वनस्पतिशास्त्रज्ञानं दाखवून दिलं.

महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते तिथल्या हवा-मातीच्या गुणामुळं. तिथं लावले जाणारे वाण मात्र परदेशी विद्यापीठांत तयार झालेले आहेत. 'स्वीट चार्ली' आणि 'विंटर डॉन' फ्लोरिडाचे, 'कॅमारोसा' कॅलिफोर्नियाचा. अशा संकरित वाणाची बी पेरली, तर प्रत्येक रोप वेगळंच निघतं. कुणी आजोबांच्या वळणावर, कुणी पणजीच्या. आई-बापासारखं निघेलच याची खात्री नाही. हल्ली खास बियांपासून लावायचे काही संकरित वाण निघाले आहेत, हे खरं. पण ती बी मुद्दाम तयार केलेली असते. आपण खाल्लेल्या फळाच्या बीला ते लागू नाही.

मग शेतकरी काय करतात? उन्हाळा-पावसाळ्यात स्ट्रॉबेरीच्या झाडाला लांब दोऱ्यासारखे फुटवे येतात. त्यांना 'रनर' म्हणतात. या दोऱ्याच्या पेरावर इवलंसं रोप धरतं आणि ते अगदी आईसारखंच निघतं. आपल्याला हवं आहे ते हे रोप. ओळखीच्या रोपवाटिकेतून, वाणाचं नाव विचारून आणा.

लावायची वेळ म्हणजे नवरात्र ते दिवाळी. पाऊस सरलेला असतो आणि थंडी पुढे असते. स्ट्रॉबेरीला फुलायला लहान दिवस आणि गार रात्री लागतात. त्यामुळं पुणे-नाशिककडे ती बऱ्यापैकी येते. मुंबईत किंवा कोकणपट्टीत थंडी थोडी, तेव्हा फळंही थोडीच. हे आधीच समजून घेतलं म्हणजे मागाहून हिरमोड होत नाही.

कुंडी आठ-दहा इंच रुंद असावी आणि तळाला पाणी निथळायला भोकं हवीत. एका कुंडीत एकच रोप लावा. जमिनीत लावायचं तर गादीवाफा करून दोन रोपांत एक फूट अंतर ठेवा. दोन भाग लाल माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत आणि एक भाग जाडसर वाळू, असं मिश्रण करा. नुसती काळी माती नको, ती पाणी धरून ठेवते. आणखी एक सांगून ठेवते. झाडांना राख घालायची आपल्याला सवय असते, इथं ती घालू नका. स्ट्रॉबेरीला किंचित आम्ल माती मानवते आणि राखेनं नेमकं उलट होतं.

रोप लावताना एकच गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहायची. पानं जिथून फुटतात तो मधला जाड बुंधा बरोबर मातीच्या पातळीवर राहायला हवा. तो पुरला गेला तर कुजतो, फार वर राहिला तर मुळं सुकतात.

रोज निदान सहा तास ऊन हवं. पाणी सकाळी, बुंध्याशी आणि बेतानं घाला. पानांवर, फळांवर ओल राहिली की करडी बुरशी धरते. तसं फळ दिसलं की लगेच काढून टाका. मातीवर भाताचा पेंढा किंवा उसाचं पाचट पसरा, म्हणजे फळं मातीला टेकत नाहीत आणि ओलही टिकते. पहिल्या तीन-चार आठवड्यांत आलेली फुलं खुडून टाका. जिवावर येतं, पण त्यानं मुळं जोम धरतात. फळांच्या दिवसांत रनर आले तर तेही काढा. युरियाचा मोह नको. पानं माजतात, फळं मागं राहतात.

फळं वाकडीतिकडी येत असतील, तर ती कीड नव्हे. स्ट्रॉबेरीच्या अंगावर जे बारीक दाणे दिसतात, त्यांतला प्रत्येक दाणा फलित व्हावा लागतो. जिथला राहिला तिथं गर फुगत नाही. गॅलरीत मधमाश्या येत नसतील, तर मुलांच्या रंगपेटीतला मऊ ब्रश उमललेल्या फुलावरून हलकेच गोल फिरवा.

फूल आल्यापासून साधारण महिन्याभरात फळ पिकतं. ते पूर्ण लाल झाल्यावरच, देठासकट तोडा. तोडल्यावर ते गोड होत नाही. धुवायचंही खायच्या वेळीच. बुलबुलांपासून राखायला जुनी मच्छरदाणी पुरते. मात्र फुलं असताना दिवसा ती बाजूला ठेवा, मधमाश्यांना वाट हवी. एका कुंडीतून हंगामात वाटीभर फळं मिळाली, तरी समाधान मानावं.

हंगाम संपला की झाड फेकू नका. उन्हाळ्यात सावलीला आणि पावसाळ्यात वळचणीला ठेवा. रनर आले की त्यावरचं पहिलं रोप शेजारच्या लहान कुंडीतल्या मातीवर टेकवा आणि केसांच्या आकड्यानं दाबून धरा. तीन-चार आठवड्यांत मुळं धरतात. मग आईकडचा दोरा कापा. झालं नवं रोप! दोन-तीन वर्षांनी मात्र रोपवाटिकेतून ताजी रोपं आणावीत. जुन्या झाडांत विषाणूरोग साठत जातो.

रनर कोणत्या झाडाचे ठेवायचे, हे हंगामातच ठरवा. आणलेल्या रोपांत कधी दोन वाण मिसळलेले असतात. ज्याचं फळ सर्वांत गोड आणि झाड निरोगी, त्याच्या कुंडीला लाल दोरा बांधून ठेवा. आता कुठलं गोड, हे कळायला फळ चाखायला तर हवं! तेव्हा सगळ्यांना वाटून उरलं तर आपण, हा नेहमीचा शिरस्ता इथं बाजूला ठेवा. प्रत्येक झाडाचं एकेक फळ आधी तुम्ही खा.